टाकीला विरजण

"बाबांना एक अक्षर विचारायचं नाही! टाकी मी आणणार, पाणी मी भरणार, आणि रविवारी त्यांचा मासा असा ऐटीत पोहेल की बाबा म्हणतील, वा, जावईबापू!"

जावईबापूंनी असं छातीठोकपणे सांगितलं आणि बायकोने मान डोलावली. तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. तिचे बाबा एकटे राहायचे. मागच्या महिन्यात जिन्यावरून पडले, तेव्हापासून फोन वाजला की ती हातातलं काम टाकून धावायची. बाबांनी कायमचं इकडे राहायला यावं म्हणून नवराबायको दोघंही त्यांच्या मागे लागले होते. बाबांचं एकच पालुपद: "माशाची नीट सोय झाली तर बघू." शेवटी या रविवारी मासा घेऊन येतो, एवढं त्यांनी कबूल केलं होतं. मासा बायकोच्या आईने हौसेने आणलेला, सोनेरी, चांगला तळहाताएवढा. आई गेली, मासा राहिला. त्याला सोडून बाबा कुठे हलणार?

आता हे जावईबापू कोण? तर हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करण्याच्या विभागाचे प्रमुख! उभा जन्म जंतू मारण्यात गेलेला. घरी आले की दाराची कडीसुद्धा कोपराने उघडायचे. आणि माशांच्या दुकानदाराने त्यांना काय सांगावं?

"साहेब, टाकी चकाचक आहे हो, पण त्यात जंतू कुठेत?"

"जंतू? अहो, मी स्वतः घासलीय टाकी!"

"तिथेच तर घोटाळा झाला! मासा पाण्यात घाण करणार. ती घाण पचवणारे जंतू टाकीत असावे लागतात. ते नसतील तर मासा आपल्याच घाणीने मरेल."

जावईबापू चाटच पडले. म्हणजे ज्यांच्याशी आयुष्यभर वैर केलं, त्यांचेच पाय धरायचे! पण माणूस मोठ्या मनाचा. घरी येऊन बायकोला म्हणाले, "काय गुणाची मंडळी आहेत गं! दिसत नाहीत, बोलत नाहीत, पगार मागत नाहीत. गुपचूप दुसऱ्याची घाण काढतात!" आणि त्या दिवसापासून बिनमाशाच्या टाकीतल्या पाण्यात चिमूटचिमूट माशाचं खाणं टाकून, ते कुजलं की जंतू येतील म्हणून वाट बघू लागले. जंतू काही येईनात. रविवार मात्र यायला लागला!

"असे यायला महिना-दीड महिना जातो," दुकानदार म्हणाला. "घाई असेल तर विरजण लावा."

"विरजण?"

"आम्ही विरजणच म्हणतो त्याला. जुन्या टाकीच्या फिल्टरमधला स्पंज. त्यात जंतू खच्चून भरलेले असतात. तो नव्या टाकीत ठेवला की काम फत्ते! मीच दिला असता, पण सध्या माझ्या टाक्यांत रोग आलाय."

शनिवारी जावईबापूंनी कामावरूनच ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्या दवाखान्यात माशांची जुनी टाकी होती.

"डॉक्टर, तुमच्याकडचे थोडे जंतू द्या ना! माझे काही केल्या वाढत नाहीयेत हो! रोज वेळेवर खायला घालतो, तरी नाही!"

मागे मेट्रनबाई उभ्या होत्या. निर्जंतुकीकरणाच्या प्रमुखाच्या तोंडून हे ऐकल्यावर त्यांच्या हातातला ट्रे खणकन खाली पडला.

"साहेब," त्या एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "असं कधीपासून वाटतंय तुम्हाला?"

जावईबापू समजावायला गेले आणि आणखी रुतले. "अहो, ते फार चांगले असतात! आपण उगाच मारतो त्यांना!" झालं! पाचव्या मिनिटाला साहेब कॉटवर आडवे आणि दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा! कसाबसा त्यांनी बायकोला फोन केला.

"ऐक, मला उशीर होईल. विरजण काही मिळालं नाही. नुसतं चांगलं विरजण हाती लागलं असतं ना, तर उद्यापर्यंत टाकी..."

"पेशंटने बोलायचं नाही!" मेट्रनबाईंनी फोन काढून घेतला.

इकडे बायको फोनकडे बघत राहिली. विरजण? विरजणासाठी हा माणूस गावभर वणवण करतोय? अहो, तिच्या हातचं दही म्हणजे काय सांगावं! वाटी उपडी करा, जागचं हलणार नाही! अख्खी इमारत विरजण मागायला तिच्याच दारात यायची. आणि जंतूच हवेत ना? मग दह्यात दुसरं काय असतं? बाईचं डोकं कसं चालतं बघा! नुसत्या पाण्याला विरजण लागणार नाही हेही तिच्या लक्षात आलं, म्हणून आधी टाकीत घरातलं सगळं दूध ओतलं. मग वाटीभर दही घुसळून सोडलं. टाकीचा हीटर वाढवला. वरून लोकरीची शाल गुंडाळली आणि टाकीला कुणी धक्का लावू नये म्हणून खुर्ची घेऊन राखणीला बसली.

जावईबापू सुटून घरी आले आणि शाल बघून "हे काय?" म्हणणार, तेवढ्यात बेल वाजली. दारात सासरेबुवा! एक दिवस आधीच! एका हातात मासा घातलेली झाकणाची बादली, दुसऱ्या हातात छोटी पिशवी. बॅग नाही, कपडे नाहीत. बायकोचा चेहरा पडला.

"कोण आजारी आहे?" शालीकडे बघत सासरेबुवांनी विचारलं.

"टाकी आहे, बाबा. अजून लागली नाही," बायको म्हणाली.

सासरेबुवांनी शाल उचलली. आत पांढरंफटक! त्यांनी बोट बुडवून वास घेतला, लेकीकडे बघितलं, जावयाकडे बघितलं.

"चूक माझी आहे, बाबा," जावईबापू घाईने म्हणाले. "मीच तिला नीट सांगितलं नाही."

"बाबा, परत जाऊ नका हो!" बायकोला रडूच फुटलं.

सासरेबुवा खुर्चीत बसले. "खरं सांगू? मी नाही म्हणायलाच आलो होतो. पडल्यापासून माशाचं माझ्याच्याने होत नाही, तेव्हा तो तुमच्याकडे ठेवायचा आणि रात्रीच्या गाडीने परत जायचं, असं ठरवूनच निघालो. तुमचं सगळं नीट चाललंय, त्यात म्हाताऱ्याची अडचण कशाला?" त्यांनी पुन्हा टाकीकडे पाहिलं आणि हसू दाबत म्हणाले, "पण हे असलं नीट चाललंय होय!"

आणि त्यांनी बाह्या सरसावल्या. पिशवीतून एक काळाकुट्ट, बुळबुळीत, ओला स्पंज काढला.

"हे विरजण! मासा कुठेही न्यायचा तर हे बरोबर न्यावंच लागतं. एक फोन करून मला विचारायचं होतं की हो!"

"तुम्हाला चकित करायचं होतं," जावईबापू पुटपुटले.

"केलंत! आता टाकी उपसा."

जावईबापू तांब्या घेऊन दह्याचं पाणी उपसायला लागले. तिकडे सासरेबुवांनी आपल्या घराशेजारच्याला फोन लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माझे सगळे कपडे पाठवून द्या. हो, सगळे! नाही नाही, मासा ठणठणीत आहे. जावई एकटा ठेवण्यासारखा नाही!"