पौर्णिमेचं मौन आणि कापसातली गिटार

“तीन दिवस, भाभी! सरस पक्का होयेस्तोवर तिले ऊब द्या. वारा लागू देऊ नका. बाळंतीण समजा!”

मन्सूर मिस्त्रींनी हे महागावच्या आपल्या दुकानात सांगितलं. मान डोलावली श्रावणरावांनी आणि लक्षात ठेवलं रुखमाबाईंनी. त्या घरात लक्षात ठेवायचं काम पहिल्यापासून बायकोकडेच होतं.

श्रावणरावांनी जन्मात कधी गिटार वाजवली नव्हती. दाराची चौकट दुरुस्त करायला म्हणून ते मिस्त्रींकडे गेले आणि तिथे पोट फुटलेली एक गिटार दुरुस्तीला आलेली दिसली. चौकट राहिली बाजूला! दिवसभर ते उकिडवे बसून ते काम बघत राहिले आणि घरी येऊन म्हणाले, “रुखमा, अशी एक मी बनवतो.”

कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं अख्खं वाक्य होतं. कापसाचा भाव बसला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. घराघरांत कापूस आढ्याला टेकला होता आणि माणसं त्याच्या कडेला अंग चोरून झोपत होती. श्रावणराव बोलायचेच थांबले होते. त्या दिवसांत गप्प झालेल्या माणसाची बायको रात्री दोनदा उठून पांघरुणाखाली माणूस आहे ना, हे चाचपून बघायची. रुखमाबाईही बघायच्या.

म्हणून त्या गिटारीला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. फळी गरम नळीवर वाकवायची असते म्हणून श्रावणरावांनी जुन्या राजदूत मोटरसायकलचा सायलेन्सर चुलीत घातला, तरी त्या काही बोलल्या नाहीत. पहिल्या तीन फळ्या काडकन मोडल्या. त्यांवर चहा झाला. चौथी वाकली! त्या दिवसापासून श्रावणरावांची जीभ जी सुटली ती थांबेना. विहिरीवर, पारावर, झोपेतसुद्धा गिटार! “शिवणीच्या लाकडाची फळी हाये, पापडावानी पातळ. फॅक्टरीची गिटार हिच्यापुढं डबा वाटन, डबा!” गाव कंटाळलं. रुखमाबाई मात्र त्या बडबडीवर मनातल्या मनात हात जोडायच्या.

आठ महिन्यांनी पोट आणि पाठ एकदाची चिकटवली, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधली आणि त्याच दिवशी श्रावणराव कापूस खरेदी केंद्रावर नंबर लावायला निघून गेले. जाताना दहादा बजावलं, “रुखमा, तुह्या भरवशावर हाये.”

तिसऱ्या दिवशी पौष पौर्णिमा. पहाटे कौलांतून असा वारा सुटला की पेटीवर ठेवलेली गिटार बघून रुखमाबाईंच्याच अंगावर काटा आला. घरात ऊब कुठे असते? कापसात! त्यांनी गिटार जुन्या लुगड्यात गुंडाळली, ढिगात कोपरापर्यंत हात घालून आत सारली, वरून कापूस थोपटला आणि पांढरं पातळ नेसून बुद्धविहारात गेल्या.

दर पौर्णिमेला त्या अष्टशील घ्यायच्या आणि त्यावर स्वतःचं एक व्रत धरायच्या. सकाळच्या वंदनेपासून संध्याकाळच्या वंदनेपर्यंत मौन. बावीस वर्षांत ते एकदाही मोडलं नव्हतं. एका पौर्णिमेला विंचू चावला, तरी तोंडातून हूं की चूं नाही! शेजारीण ओरडली ती विंचू बघून.

दहा वाजता त्या परत आल्या तर घर रिकामं! आढ्यापर्यंतचा कापूस गायब आणि खोली झाडून लख्ख. दारात गावातला देवीलाल आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर दोर आवळत होता.

“वहिनी, भाऊचा निरोप आला. नंबर लागला! चार माणसं लावून, मागंपुढं न पाहता माल भरून टाकला बापा.”

रुखमाबाईंनी डावा हात लांब केला आणि उजव्या हाताची बोटं पोटापुढे वरखाली झरझर फिरवली. ट्रॅक्टरवर टेप लावलेला होता. देवीलालनं जीभ चावली आणि धावत जाऊन तो बंद केला.

“चुकलं, वहिनी! पौर्णिमा हाये, ध्यानातच नाई राह्यलं. तुमाले आज गाणं-वाजवणं चालत नाई.”

त्यांनी कोळसा घेऊन ओट्यावर मोठ्या अक्षरांत ‘गिटार’ लिहिलं. देवीलालनं मान तिरपी करून ते दोन्ही बाजूंनी पाहिलं.

“वहिनी, मले वाचता येत असतं तर म्या ट्रॅक्टर काहून चालवला असता?”

आणि त्यानं ट्रॅक्टर सुरू केला! एक शब्द बोलल्या असत्या तर काम झालं असतं. पण बावीस वर्षं ओठांवर येऊन बसली. केंद्रावर माल उतरायच्या आत हातानं काढून घेऊ, असं त्यांनी ठरवलं आणि पातळ सावरून त्या मडगार्डवर चढून बसल्या. वाटभर त्यांनी डोळे मिटून घेतले. वाद्य वर्ज्य म्हणून सकाळीच शील घेतलेलं आणि डोक्यात मात्र वाद्याशिवाय दुसरं काही नाही!

केंद्रावर गाड्यांची रांग होती. त्या रांगेतून श्रावणरावांनी पाहिलं ते एवढंच: पांढरं पातळ, मिटलेले डोळे, गालावर ओघळ. हातातला चहा तिथेच सांडला.

“रुखमा! कोण गेलं?”

रुखमाबाईंनी ‘कोणी नाही’ अशी जोरजोरात मान हलवली. आजूबाजूच्या गाडीवानांनी टोप्या काढल्या. एक म्हातारा येऊन श्रावणरावांच्या पाठीवरून हात फिरवू लागला, “धीर धर बापू, पिकलं पान होतं.” कोणतं पान, हे त्यालाही ठाऊक नव्हतं!

रुखमाबाईंनी दोन्ही हातांनी हवेत आकार काढला. वर फुगीर, मध्ये बारीक, खाली जास्तच फुगीर.

“पोरगी? अकोल्याची दीपा? दिवस गेले तिले?” श्रावणराव म्हणाले.

“मंग रडून काहून राह्यली?” म्हाताऱ्यानं विचारलं.

त्या खाली वाकल्या आणि मातीत बोटानं लिहू लागल्या. पहिलं अक्षर उमटतं न उमटतं तोच मागून माल तपासणाऱ्या ग्रेडरचा आवाज आला.

“हे काय आहे? ए, कोणाची ट्रॉली आहे ही?”

कापसात खुपसलेला त्याचा हात लुगडं धरून बाहेर आला. लुगडं सुटलं आणि आतून निघाली काळ्या पट्ट्यांनी बांधलेली गिटार.

“कापसात लाकूड! वजन वाढवता? वर कपड्यात गुंडाळून लपवलं! हा माल घेणार नाही. ट्रॉली फिरवा!”

“साहेब, ही माही गिटार हाये! पण इथं कशी आली ते मले…” श्रावणरावांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. ते गप्प झाले. अगदी तसेच, आठ महिन्यांपूर्वीसारखे. रुखमाबाईंना तो चेहरा ओळखीचा होता.

“म्या ठेवली,” त्या म्हणाल्या.

आवाज लहानच होता, पण देवीलाल ट्रॅक्टरवरून खाली पडता पडता राहिला.

“म्या ठेवली, साहेब. चिकटवलेली होती, थंडीनं उकलन म्हणून. यायले काहीच माहीत नाई. माल फिरवू नका. मले काय बोलायचं ते बोला.”

“साहेब!” देवीलाल पुढे झाला. “विंचू चावला तवा नाई बोलल्या या! आज बोलल्या. आता तुमी समजून घ्या.”

ग्रेडरला विंचवाचं काहीच कळलं नाही. पण त्यानं गिटारीवर बोट वाजवून पाहिलं, ढिगात पुन्हा दोन-तीन ठिकाणी हात घातला, कापूस मुठीत दाबून सोडला.

“वाजते का ही?”

“तारा नाईत अजून, साहेब,” रुखमाबाई म्हणाल्या.

“माल कोरडा आहे. ती बाजूला काढा आणि ट्रॉली काट्यावर घ्या.” जाता जाता त्यानं वळून बजावलं, “आणि अजून काही वाद्यं असतील तर आत्ताच सांगा!”

श्रावणरावांनी गिटार उराशी धरली. जोडावरून अंगठा फिरवला. केस शिरायलाही जागा नव्हती. असा जोड मन्सूर मिस्त्रींनाही साधला नसता. पण त्यांनी मान वर केली ती बायकोकडे बघायला.

“बावीस वर्साचं मोडलं तुहं. माह्यापायी.”

“मोडलं ते मोडलं. आता पुढच्या पौर्णिमेले.”

“पुढच्या कायले? आजचा दिस उरला हाये ना? संध्याकायच्या वंदनेपर्यंतचं म्या धरतो. तुह्या नावानं. तोंडातून एक शब्द नाई!”

“तुमी?” झोपेतही बोलणाऱ्या त्या माणसाकडे बघून रुखमाबाईंना दिवसात पहिल्यांदा हसू आलं. “अवो, काट्यावर नाव पुकारतात. तुमी तं…”

श्रावणरावांनी ओठांवर बोट ठेवलं. क्षणभर रुखमाबाईंच्या छातीत जुनी धडकी भरली. मग त्यांनी नवऱ्याचे डोळे पाहिले. ते हसत होते.

“श्रावण! श्रावण कोण आहे? हजर आहे का नाही?” काट्यावरून कारकून ओरडला. “नसेल तर पुढचा घ्या!”

“हायेत! हायेत, साहेब!” दिवसभराचं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडावं तशा रुखमाबाई ओरडल्या.

आणि श्रावणराव ओठ घट्ट मिटून, गिटार बाळासारखी खांद्यावर घेऊन, एक शब्द न बोलता काट्याकडे चालू लागले.