क्लेमांसबाईंचं उड्डाण

"आज माझं विमान उडणार म्हणजे उडणार!" आन्सेल्म पेर्द्रिओंनी न्याहारीलाच जाहीर केलं.

क्लेमांसबाईंनी कॉफीचा वाडगा टेबलावर आदळला. दोन वर्षं हेच ऐकून त्यांचे कान किटले होते. तेवढ्या काळात विमान दोनदा खड्ड्यात गेलं, एकदा पेटलं आणि उडाल्या त्या फक्त शेजारच्या कोंबड्या! पण आज पॅरिसहून विमानसंघाचे परीक्षक कोर्नूए यायचे होते. विमान उडालं तर पदक. नाही उडालं तर खटारं मोडीत काढून सायकलदुरुस्तीचं दुकान पुन्हा उघडायचं, असं आन्सेल्मनी बायकोला वचन दिलं होतं. बाईंचा नवस कशासाठी होता, ते सांगायला नको!

कुरणात सगळं गाव जमलं. कोर्नूए साहेब मिशा कुरवाळत उभे होते.

"क्लेमांस, जरा पुढे बस ना!"

"मी? त्या पिंजऱ्यात?"

"अगं, नाक हलकं पडतंय. मी मागे पंखा फिरवून इंजिन चालू करतो, मग तू उतर, मी चढतो. दोरीने बांधलंय की कुंपणाला!"

"अहो, ते कुंपण कुजलंय!"

पण आन्सेल्म एव्हाना मागे पोचले होते. त्यांनी पंख्याला हिसका दिला. दोन वर्षं रुसलेलं इंजिन असं डरकाळलं, की कुंपणाचा खांब दातासारखा उपटून आला आणि विमान सुटलं!

"उतर!" मागून आन्सेल्म ओरडले.

"कशी उतरू? थांबवायचं कसं ते सांगा!"

उत्तर इंजिनाच्या गोंगाटात विरलं. बाईंनी देवाचं नाव घेतलं आणि हाताला लागला तो दांडा पोटाशी ओढला. खालचे धक्के एकदम थांबले. त्यांनी एक डोळा उघडला, तर खाली चर्चचं छप्पर! डोळा लगेच मिटला.

मग इंजिनाला उबळ आली, ठसका लागला आणि ते गप्प झालं. विमान अलगद खाली येऊन बार्नाबेच्या बिटाच्या शेतात घसरत थांबलं.

"बाई, रस्त्याने यायचं की!" बार्नाबे कळवळला. "माझं बीट!"

आन्सेल्म धापा टाकत आले. बायको धडधाकट दिसताच त्यांनी तिला उराशी धरलं आणि हमसून रडू लागले. बाईंनी ओठांवर आलेल्या शिव्या कशाबशा गिळल्या.

"अभिनंदन!" कोर्नूए साहेबही येऊन पोचले. "स्त्री असो, पुरुष असो, पदक तुमचंच! फक्त नियमापुरता एक प्रश्न, बाईसाहेब. हे उड्डाण तुम्ही जाणूनबुजून केलंत ना?"

आन्सेल्मनी मागून तीनदा कोपरखळी मारली.

"जाणूनबुजून?" बाई कडाडल्या. "मला काय वेड लागलंय?"

साहेबांनी उसासा टाकला आणि टोपी चढवली. "मग हे उड्डाण नव्हे, ही दुर्घटना धरावी लागेल."