गोधडी, नग एक

दिवसा न लागणे हा दिव्याचा दोष नसून गुण आहे, हे महेंद्र सोनवणे तिसऱ्यांदा समजावून सांगत होता. तपासणी कार्यालयातून आलेले निरीक्षक कुदळे मान वर करून खांबाकडे पाहत होते. वेळ सकाळी साडेअकराची होती, ऊन ऑक्टोबरचे होते आणि वर्ष २००४ होते.

"साहेब, सौरदिवा आहे हा. वरच्या पॅनेलवर अंधार पडला की आपोआप लागतो. संध्याकाळी साडेसहाला या, लागलेला दिसंल."

"कार्यालयीन वेळ पावणेसहापर्यंत," कुदळे म्हणाले आणि तपासणीच्या नमुन्यात त्यांनी लिहिले, 'दिवा प्रज्वलित आढळला नाही.' निरीक्षकासमक्ष दिवा लागल्याखेरीज तो वापरता येत नाही, असा नियम होता. त्यामुळे खांबावरच्या पेटीतल्या बटणाला सील ठोकून ते निघून गेले.

महेंद्र शिरूरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता. व्होल्टमीटर सोडून फारशा कशावर त्याचा विश्वास नव्हता. पण नियम लिहिणाऱ्याने निदान एकदा सूर्य पाहिला असेल, इतके तो आजवर गृहीत धरून होता. तेही गेले, आणि त्याचा संताप घरी पोचेपर्यंत उकळीला आला.

संतापाला कारण होते. कारेगावच्या फाट्यावरून भीमनगरात वळणाऱ्या रस्त्याकडेला गटारासाठी चारी खणलेली होती आणि खणणारे पुन्हा फिरकले नव्हते. वस्तीतल्या सहा बायका कारखान्यांत कामाला होत्या. कंपनीची बस त्यांना संध्याकाळी पावणेसातला फाट्यावर सोडी. सप्टेंबरात एकीचा पाय अंधारात चारीत जाऊन मोडला, तेव्हा सहाही घरांनी ठरवले की दिवाळीपर्यंत वळणावर उजेड आला नाही तर बायकांच्या नोकऱ्या बंद. त्या सहांत महेंद्रची बायको माया होती, आणि घराच्या ठरावात महेंद्रने स्वतः मान डोलावली होती. म्हणून वळणावर सौरदिवा उभारून परवान्याचा अर्जही त्यानेच केला होता.

"म्हंजी माझी नोकरी साहेबाच्या घड्याळाला टांगली म्हणा की," माया म्हणाली.

महेंद्रने कार्यालयाला चार पानी पत्र लिहिले. सोबत सूर्यास्ताच्या वेळांचा आलेख जोडला. उत्तर दोन ओळींचे आले. सूर्यास्तोत्तर तपासणीची तरतूद नाही. अर्जदाराने कार्यालयीन वेळेतच दिवा लावून दाखवावा.

याचा अर्थ, कार्यालयीन वेळेत अंधार तयार करणे अर्जदाराकडे आले. पॅनेलवर प्रकाश पडू न देणारे जाड कापड घरात एकच होते, आणि ते त्याच्या आईच्या, सोजरबाईच्या, अंथरुणावर होते.

"माझ्या लगनाचं लुगडं हाय त्यात," सोजरबाई म्हणाली. "नेतूस तर ने. पर सांजच्याला माघारी पायजे."

दिवाळीला आठ दिवस होते तेव्हा कुदळे पुन्हा आले. त्यांनी बटणाचे सील काढले. महेंद्रने शिडीवर चढून पॅनेल गोधडीत पुढून-मागून गुंडाळले, आणि भर दुपारी बाराला दिवा लख्ख लागला. महेंद्रने कुदळेंकडे विजयी नजरेने पाहिले. कुदळे लिहीत होते.

"काय लिहिलं साहेब?"

"दिवा भर दुपारी चालू आढळला. ऊर्जेचा अपव्यय. आता ऊर्जा बचतीचा कायदा आहे, माहीत असेल तुम्हाला."

"अपव्यय? अहो, गोधडी टाकली म्हणून लागला. एरवी दिवसा तो बंदच असतो. मागच्या खेपेला तुम्हीच लिहून गेलात."

"मागच्या खेपेला गोधडी नव्हती." कुदळे दुष्ट नव्हते, ते कागदात अडकले होते आणि बाहेर पडायला त्यांनाही वाट हवी होती. त्यांनी नमुना उलटसुलट पाहिला. "गोधडीवाचून लागत नाही म्हणता. म्हणजे गोधडी यंत्रणेचा भाग आहे का?"

शास्त्र शिकलेल्या माणसाने उपरोध जपून वापरावा, हे महेंद्रला त्या क्षणी सुचले नाही. "आहे, साहेब. मुख्य भाग तोच आहे. लिहा."

कुदळेंच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसले. त्यांनी यादीत लिहिले: पॅनेल, नग एक, बॅटरी, नग एक, दिवा, नग एक, गोधडी, नग एक. यंत्रणेचा भाग असल्याने अपव्ययाचा शेरा त्यांनी खोडला, प्रमाणपत्रावर सही केली, आणि शिपायाकरवी गोधडीचे चारही कोपरे पॅनेलच्या मागे तारेने बांधून शिशाची चार सिले ठोकवली.

"सील तोडणं गुन्हा आहे," जाताना ते सौजन्याने म्हणाले.

गोधडीखाली कायमची रात्र झाल्यामुळे दिवा आता अहोरात्र जळू लागला. बॅटरीला ऊन मिळणार नव्हते. ती सत्तावन्न तास टिकेल, असे गणित महेंद्रने मांडले. ती अठ्ठावन्न टिकली. एकोणसाठाव्या तासाला वळणावर कायदेशीर अंधार झाला. बिनपरवाना होता तेव्हा दिवा लागू शकत होता. आता परवाना होता, म्हणून लागत नव्हता. दुसऱ्या संध्याकाळी माया एक चप्पल चारीत ठेवून घरी आली आणि उरलेली तिने महेंद्रच्या चार पानी पत्राच्या नकलेवर ठेवली.

सील काढण्यासाठी त्याने सात पानी पत्र लिहायला घेतले. पुढची तपासणी एप्रिलमध्ये होती. दिवाळीला चार दिवस उरले होते.

"शिले कुठंशी हायती?" सोजरबाईने विचारले. तिला चार रात्री थंडी वाजली होती.

"चार कोपऱ्यांना, मागं."

"आन् मधी?"

"मधी कशाला असतील?"

सोजरबाईने फडताळातून कात्री काढली. महेंद्र शिडी धरून तिला आवरू लागला, तेव्हा ती म्हणाली, "भिंती लिपाया मी शिडीवर चढायची तवा तू पाळण्यात व्हतास. नीट धर." तिने पॅनेलच्या कडेकडेने गोधडी कापली आणि मधला सबंध तुकडा, लग्नाच्या लुगड्यासकट, काखेत मारून खाली उतरली. पॅनेलभोवती गोधडीची चौकट राहिली. चारही सिले शाबूत होती.

दिवाळीच्या आदल्या दिवशी पावणेसातला बस आली, तेव्हा वळणावर उजेड होता. सहाही बायका चारीच्या कडेने गप्पा मारीत घरी आल्या. ठराव कुणी मागे घेतला नाही. त्याचा विषय पुन्हा कुणी काढलाच नाही.

एप्रिलमध्ये कुदळे दुपारी बाराला आले. दिवा बंद होता. त्यांनी चार सिले मोजली, गोधडी जागेवर असल्याची खूण केली आणि 'यंत्रणा सुस्थितीत' असे लिहिले. ही नोंद तीन ठिकाणी कशी चुकीची आहे हे सांगायला महेंद्रने तोंड उघडले.

"तुम्ही गप ऱ्हावा," माया हळूच म्हणाली. "दिवा लागतोय."

कुदळेंनी पेनाला टोपण लावले. मग वर पॅनेलकडे बराच वेळ पाहून ते सोजरबाईकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी, दौंडकडच्या गावांत असे अकरा दिवे प्रमाणपत्रावाचून अडलेत. तुमच्या प्रमाणपत्रावरून यादीत आता सगळीकडे गोधडी लागतेच. शिवून द्याल का? अशाच, मध्ये मोकळ्या."

सोजरबाईने विचार केला. "शिवीन की. पर सबंध शिवीन आन् मी सोता कापीन. मधला तुकडा माझा."

कुदळेंनी ते लिहून घेतले.