दोन नाकांची बाई

स्वतःची लग्नपत्रिका आणि विजेचं बिल सोडलं, तर लोणावळ्याच्या गंगाधररावांचं नाव आयुष्यात कुठेही छापून आलं नव्हतं. त्यामुळे पुण्यात नाण्यांचं प्रदर्शन भरवणाऱ्या नीरजा मॅडमचा फोन आला, तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहून बोलले.

"तुम्ही फोटो पाठवलात तो चांदीचा डॉलर अस्सल दिसतोय. छाप दोनदा बसलाय, त्या बाईला चक्क दोन नाकं आहेत! टांकसाळीतला असा दोष फार दुर्मीळ. रविवारी बघायला येते. प्रदर्शनात ठेवू, खाली कार्डावर तुमचं नाव घालू."

हा डॉलर गंगाधररावांच्या आजोबांना मिळालेला. आजोबा खंडाळ्याच्या एका बंगल्यावर आचारी होते, तिथल्या कुणा पाहुण्याने खूश होऊन तो दिला. त्यावरची मुकुटवाली बाई पाहून घरच्यांनी तिला लक्ष्मी ठरवलं आणि देवघरात बसवलं. फोटोसाठी परवा कुंकवाचा थर पुसेपर्यंत तिची नाकं कुणी मोजली नव्हती.

गंगाधरराव स्वयंपाकघरात धावले. "आसावरी, अगं आपल्या डॉलरमध्ये दोष आहे! मोठ्ठा दोष!"

"दोष?" आसावरीबाईंची पोळी तव्यावर करपली. "म्हणजे तीस वर्षं मी सदोष लक्ष्मी पुजतेय?"

"अगं, दोष आहे म्हणून तर तिला मान आहे."

"असेल तुमच्या पुण्यात. देवघरात खंडित मूर्ती चालत नाही."

आपण बायकोला समजावलं, अशा भ्रमात गंगाधरराव रविवारसाठी केस कापायला गेले. नवरे नेमके अशाच वेळी घराबाहेर पडतात, त्याला काय करणार! परतले तेव्हा देवघरात डॉलरच्या जागी सुपारी होती.

"विठाबाईंकडे दिला," आसावरीबाई शांतपणे म्हणाल्या. "घरी जाताना इंद्रायणीत सोडा म्हटलं. रीतसर, हळदकुंकू वाहून."

गंगाधररावांनी पायांतली चप्पल काढलीच नाही. विठाबाई त्यांच्याकडे वीस वर्षं धुणीभांडी करत होत्या आणि सांगितलेलं काम त्यांनी कधी टाळलं नव्हतं. कॉलरवरचे कापलेले केसही न झटकता ते रिक्षाने विठाबाईंच्या गावी, औंढ्याला पोचले. विठाबाई ओट्यावर पावटे निवडत होत्या.

"विठाबाई, डॉलर पाण्यात सोडला नाहीत ना?"

"चांदी कोन पान्यात टाकतंय, भाऊ? दोष हाय म्हनून टाकायचं व्हय? माजा गुडगा बी दुकतोय, मला टाकताय का नदीत?"

गंगाधररावांना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. डोळ्यांत पाणीच आलं बिचाऱ्यांच्या.

"आमचा केरबा सोनार हाय न्हवं, माजा भाचा? त्याच्याकडं गेलते. बगून म्हनला, आत्या, बाईला एक नाक ज्यादा हाय. घासून नीट केलं पोरानं. ह्ये बगा!"

विठाबाईंनी पदराची गाठ सोडली. डॉलर नव्या चमच्यासारखा लखलखत होता. नाक एकच होतं, सरळ, टोकदार, आणि जरासं केरबाच्या घराण्यातलं. गंगाधररावांनी बोटाने दुसरं नाक चाचपून पाहिलं.

"आता पुजा खुशाल," विठाबाई म्हणाल्या. "वैनींना सांगा, कायबी दोष ऱ्हायला न्हाई."

रविवारी नीरजा मॅडम आल्या. भिंग लावून दहा मिनिटं बघत राहिल्या.

"अहो, दोष कुठे गेला?"

गंगाधररावांनी मान खाली घालून सगळं खरंखरं सांगून टाकलं. मॅडम आधी कपाळाला हात लावून बसल्या, मग हसू लागल्या ते डोळे पुसेपर्यंत.

"मी नेते हा. टांकसाळीत चुकलेली बारा नाणी आहेत माझ्याकडे. टांकसाळीची चूक कुणी सुधारलेलं एकही नाही! सांगा, कुणी केली दुरुस्ती? कुणाच्या सांगण्यावरून?"

गंगाधररावांनी विचारलं तेवढं सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं.

प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी त्याच टेबलाभोवती होती. गंगाधरराव इस्त्रीच्या शर्टात, आसावरीबाईंना घेऊन, वाट काढत पुढे गेले आणि कार्ड वाचू लागले. "चांदीचा डॉलर. चूक : परदेशी टांकसाळ. दुरुस्ती : केरबा सोनार, औंढे. प्रेरणा : श्रीमती विठाबाई." एवढ्यात कार्डावरची जागा संपली होती. त्यांनी कार्ड उलटून मागची बाजूही पाहिली. ती कोरी होती.

"भाऊ, बरं झालं भेटलात!" नवं लुगडं नेसलेल्या विठाबाईंनी त्यांच्या हातात मोबाइल दिला. "माजा आन कार्डाचा फोटू काढा की. आन जरा मागं सरा, तुमची सावली पडतीया नावावर."