गाडेकरांचं घरगुती दुरुस्ती खातं

जगात वस्तू तीन प्रकारच्या असतात : चालू, बंद आणि घरच्या माणसाने दुरुस्त केलेल्या. पहिल्या दोन प्रकारांचं काय करायचं, हे सगळ्यांना कळतं.

तिसऱ्या प्रकाराचा पद्धतशीर विकास बोईसरला पुंजाराम गाडेकर यांच्या घरी झाला. गाडेकर मूळचे जालन्याकडचे. तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात बावीस वर्षं स्टोअरकीपर. वायसर, व्हॉल्व्ह, गॅस्केट असे लाखो नग त्यांच्या हातून गेले. प्रत्येकाचा आठ आकडी नंबर त्यांना तोंडपाठ होता. त्यांतला एकही त्यांनी कधी कुठे बसवला नव्हता (ते काम दुसऱ्या खात्याचं).

एके दिवशी कमलेश नावाच्या प्लंबरने चार रुपयांचा वायसर बदलून अडीचशे रुपये घेतले. गाडेकरांनी पैसे दिले, चहाही पाजला, आणि तो जिना उतरायच्या आत घरगुती दुरुस्ती खातं स्थापन केलं.

खात्याचे नियम मोजके होते. तक्रार लेखी हवी. तोंडी तक्रार ही कुरकूर समजण्यात येईल. तक्रारदाराने (म्हणजे सौ. सोजराबाईंनी) काम चालू असताना सूचना करू नयेत. काम संपल्यावर ‘समाधानकारक’ असा शेरा मारून सही करावी. सही आधी केली तरी चालेल.

प्रत्येक दुरुस्तीची वहीत नोंद होई : कमलेशने किती घेतले असते, सामान कितीचं, वाचले किती. पहिला आकडा गाडेकर स्वतःच ठरवत, आणि त्या बाबतीत त्यांनी कमलेशला कधी कमी लेखलं नाही. दीड वर्षात दुरुस्त्या झाल्या एकसष्ट. यशस्वी, एकसष्ट. बचत बावीस हजार आठशे चाळीस. कारखान्याचं मेंटेनन्स खातं अकरा डिप्लोमावाले हाताशी असून सत्तर टक्क्यांवर अडलेलं असताना, हे शंभर टक्के डोळ्यांत भरण्यासारखेच होते.

यशामागचं तंत्र सोपं होतं. गाडेकर संध्याकाळी दुरुस्ती करत आणि सकाळी सातच्या पाळीला जात. साडेनऊला कमलेश येई.

पहिल्या वेळी सोजराबाईंचा नाइलाज झाला होता. त्या कंत्राटी कामगारांचे चौदा डबे करतात. नवऱ्याने आदल्या दिवशी बसवलेला नळ उडून थेट पिठाच्या परातीत आला, तेव्हा त्यांनी कमलेशला बोलावलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगून टाकायचं, असंच ठरवलं होतं. पण गाडेकरांनी आल्या आल्या नळ फिरवला, बंद केला, पुन्हा फिरवला. एक थेंब गळला नाही. मग त्यांनी जालन्याला भावाला फोन लावून तो नळ अर्धा तास सांगितला. बावीस वर्षांत कारखान्यातलं काही त्यांनी असं रंगवून सांगितल्याचं सोजराबाईंना आठवत नव्हतं. त्या भाकऱ्या थापत राहिल्या.

पुढे कमलेशशी दरच ठरला : खेपेला दोनशे रुपये आणि एक डबा. त्याची एकच अडचण होती. “काकी, मोडलेला नळ अर्ध्या तासात होते,” तो म्हणे. “पन काकांनी केलेला आदी सोडवाला लागते. त्यांना सांगा, टेप जरा कमी गुंडाळा. सोलता सोलता माजा दिवस जाते.”

एकूण खर्च बारा हजार दोनशे, डबे वेगळे. उलट बाजूला, पुंजाराम गाडेकर शिट्टी वाजवत घरी येऊ लागले होते. (या जिनसेचा बाजारभाव उपलब्ध नाही.)

घोटाळा झाला तो यशामुळे. कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली. गाडेकरांना नऊ लाख मिळणार होते. मुलगी प्रतीक्षा पालघरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला; तिची फी अजून दोन वर्षं भरायची होती. गाडेकरांनी वही उघडली, शंभर टक्के हा आकडा पुन्हा एकदा वाचला, आणि नवापूर रस्त्याला दुरुस्तीच्या दुकानासाठी गाळा बघून आले. मदतनीस म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर कमलेश होता (पगारी नव्हे, शिकाऊ). फॉर्म सोमवारी द्यायचा होता.

सोजराबाईंनी शुक्रवारपासून कमलेशची खेप बंद केली. त्या संध्याकाळी गाडेकरांनी मोरीचा नळ दुरुस्त केला, आणि तो प्रथमच त्यांनी केला तसाच राहिला. शनिवारी दुपारी घरात घोट्याएवढं पाणी होतं. गाडेकरांनी त्या पाण्यात उभं राहून चौकशी पूर्ण केली. निष्कर्ष : सामान डुप्लिकेट. बासष्टावी दुरुस्ती यशस्वी म्हणून नोंदली गेली आणि पाणी दुकानदाराच्या नावावर पडलं. ज्याला सवय यशाची, त्याला अपयश काय शिकवणार?

शेवटी रविवारी जेवणं झाल्यावर सोजराबाईंनी डब्यांच्या हिशेबाची वही आणून नवऱ्याच्या वहीशेजारी उघडून ठेवली.

“जुळवा,” त्या म्हणाल्या.

हा शब्द कुठल्याही स्टोअरकीपरला टाळता येत नाही. गाडेकरांनी चष्मा लावला. इकडे अकरा ऑगस्ट, फ्लशची टाकी. तिकडे बारा ऑगस्ट, कमलेश, दोनशे. इकडे तीन सप्टेंबर, बेसिनचा पाइप. तिकडे चार सप्टेंबर, कमलेश, दोनशे. बोट ठेवत ठेवत ते शेवटच्या पानापर्यंत गेले. शुक्रवारचा नळ सोडला, तर फरक शून्य निघाला. त्यांच्या सबंध नोकरीत दोन वह्या इतक्या चोख कधी जुळल्या नव्हत्या.

“एकही माझी नाही?” त्यांनी विचारलं.

“वहीत नाही, पण कॅलेंडरचा खिळा हाय की. त्याला कुणी हात लावला नाही.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तुम्ही शिट्टी वाजवत होता,” सोजराबाई म्हणाल्या.

गाडेकरांनी निवृत्तीचा फॉर्म काढला, त्याची चौपदरी घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल हलायचं थांबलं. त्यांनी ते दोनदा दाबून पाहिलं आणि त्रेसष्टावी नोंद केली : सामान फुकट, वाचले नऊ लाख.

सोमवारी पाळी सुटल्यावर कमलेश पहिल्यांदाच त्यांच्यादेखत मोरीचा नळ बसवायला आला. असा शहाणा आपण एकटेच का, असं गाडेकरांनी त्याला आडून आडून विचारलं. कमलेश लाजला. मग म्हणाला की, त्याच्या फोनमध्ये बोईसरपासून वाणगावपर्यंतचे एकशे बारा नंबर आहेत, आणि सगळे काकींचे आहेत. नावं सांगायला मात्र त्याने नकार दिला. धंद्यात काही गोष्टी पाळाव्या लागतात.

तेव्हा वाचकहो, गेल्या महिन्यात तुम्ही स्वतःच्या हाताने बसवलेला नळ अद्याप गळलेला नाही, याबद्दल तुमचं मनःपूर्वक अभिनंदन.