तुळाजी उदाने काठी निवडली

एका जंगलात, मुलांनो, एक मोठं तळं होतं. त्याच्या काठी तुळाजी नावाचा ऊद राहायचा. ऊद म्हणजे पाणमांजर.

उमेदीच्या काळात तुळाजी बुडी मारायचा तो मासा तोंडात धरूनच वर यायचा. पुढे त्याचे दात हलू लागले. धरलेला मासा सुटून जाऊ लागला. मग त्याची बायको सगुणा दोघांपुरते मासे आणू लागली. काटे काढून पुढ्यात ठेवायची. पण तुळाजीला घास गोड लागेना. बायकोच्या जिवावर जगतो, असं तळ्यावर कुणीच म्हणत नव्हतं. त्याला मात्र ते रोज ऐकू यायचं.

शेवटी त्याने ठरवलं, आपण गळाने मासे धरायचे. तेही काठावर बसून नव्हे. होडी सावकाश वल्हवायची, गळ मागे पाण्यातून ओढत न्यायचा आणि खोलातला मोठा मासा आणायचा. होडी होती, गळ मिळाला. राहिली काठी.

काठ्यांचं दुकान बगळेशेठचं होतं. ते एका पायावर उभे राहून गिऱ्हाईक बघत. काठी कशी हवी, असं त्यांनी विचारलं. मासा लागेल अशी, असं तुळाजी म्हणाला. बगळेशेठना त्याची दया आली.

त्यांनी समजावून सांगितलं. चालत्या होडीत मासा एकदम हिसका देतो. काठी ताठ असली, तर त्याचं तोंड फाटून गळ निसटतो. फार लवचीक असली, तर नुसत्या पाण्याच्या ओढीनेच वाकते आणि मासा लागल्याचं कळतच नाही. शेंडा नरम हवा, बुंधा दणकट हवा. शिवाय लांबीचा प्रश्न वेगळाच.

तुळाजी घरी आला तो एक काठी आणि पुष्कळ शंका घेऊन. दुसऱ्या दिवशी काठी बदलून आणली. मग तीही बदलली. दिवसभर तो अंगणात काठ्या वाकवून बघत बसे. माशाला काठी दिसत नाही, असं सगुणाने एकदा सुचवून पाहिलं. दातांनी मासे धरणाऱ्यांना यातलं कळायचं नाही, असं तिला शांतपणे सांगण्यात आलं.

अखेर एका सकाळी मनासारखी काठी मिळाली. सगुणा होडी वल्हवायला बसली. तुळाजीने काठी होडीच्या कडेला अडकवली आणि गळ मागे सोडला. तळ्याच्या मध्यावर काठीला हिसका बसला. मासा मोठा होता. शेंडा झुकला, मग मधला भाग, बुंधा मात्र जागचा हलला नाही.

"बघ," तुळाजी म्हणाला, "कशी वाकतेय."

तो बघत राहिला. सगुणाही बघत राहिली. माशाने बराच वेळ वाट पाहिली आणि गळ सोडवून तो निघून गेला.

तुळाजीला जराही वाईट वाटलं नाही. काठी बरोबर निघाली होती.

काठावरून हे सगळं रखमाजी अस्वलाने पाहिलं. एवढी सुंदर वाकणारी काठी त्याने जन्मात पाहिली नव्हती. संध्याकाळी तो सल्ला विचारायला आला. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून एक रोहू घेऊन आला. तुळाजीने त्याला शेंडा समजावला. बुंध्यासाठी उद्या यायला सांगितलं.

हळूहळू मुंगूस आलं, कोल्हा आला, घार आली. सगळे काही ना काही घेऊन आले. सगुणाला बुडी मारायची गरज उरली नाही. तुळाजी पोटभर जेवू लागला, मान वर करून हिंडू लागला. तो सुखात आहे हे पाहून तीही सुखावली.

तरी एकदा जेवताना तिने विचारलंच, "हे मासे या सगळ्यांनी धरले कशाने?"

"पंजाने, चोचीने," तुळाजी म्हणाला. "काठी अजून कुणी घेतलेली नाही. मीच म्हटलं, घाई करू नका."

तात्पर्य : ज्याला मासा धरायचा असेल त्याने पाण्यात उतरावं. ज्याला मासा खायचा असेल त्याने काठी कशी निवडावी ते सांगत बसावं.