मुक्या माराचे डॉक्टर

आमचे शेजारी डॉक्टर मोहरील कुणाला नमस्कार म्हणून करत नसत. त्याऐवजी ते विचारत, "वारा सरला का?"

राजधानी नागपूरहून भोपाळला हलली, तिच्यामागून आम्ही सचिवालयातले कारकून ट्रंका-वळकट्यांसकट आलो, तसेच हेही सरकारी इस्पितळात सर्जन म्हणून आले. एकटा जीव. पोटाची ऑपरेशनं करायचे आणि ज्याचं पोट एकदा शिवलं त्याची चौकशी जन्मभर करायचे. शकूरमियाँ टांगेवाल्याला घोड्यानं पोटात लाथ मारली होती, तो यांच्या हातून वाचला. त्याला पुढे वर्षभरानं भर चौकात यांनी ओरडून विचारलं, "हवा खुली क्या?"

"को खां डाक्टर साब," तो कळवळला, "सवारियों के सामने तो मत पूछो!"

आमच्या सुमतीला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. ती त्यांना अधूनमधून ताट पाठवायची. कधी ते चाटूनपुसून परत यायचं, तर कधी ओळीनं दोन-तीन दिवस जसंच्या तसं. "आज नको, वहिनी," एवढाच निरोप. तिनं मीठ तपासलं, तिखट कमी केलं, शेवटी चिडून भाजीच बदलली. उपयोग शून्य. एवढा खाणारा माणूस मधेच उपाशी का राहतो, याचा आम्ही दोघांनी पुष्कळ खल केला. उपासतापास म्हणावेत तर देवाचा एक फोटो घरात नव्हता.

मग एका रविवारी ईदगाहच्या उतारावर माझी सायकल घसरली आणि हँडल पोटात बसलं. ना रक्त, ना जखम. घरी पुरणपोळी होती, मी सरळ पाटावर बसलो. तेवढ्यात सुमतीनं बोलावलेले डॉक्टर आले. हात काखेत धरून ऊब आणली, पोटावर ठेवला आणि म्हणाले, "मऊ आहे. तरी घोटभर पाणीसुद्धा नाही."

"अहो, पण काही लागलेलंच नाही!"

"चाकू लागला तर पोट बोंबलतं. मुका मार लागला की गप्प बसतं. पोट पक्कं लबाड, बाप्पा!"

दर तासाला येऊन ते तोच हात तिथंच ठेवत राहिले. संध्याकाळी पोट फळीसारखं कडक झालं. उजव्या फासळ्यांवर बोटानं ठोकून ते थांबले. "इथं खाली लिव्हर असतं, आवाज मठ्ठ यायला हवा. ढोलासारखा येतोय. आतडं फाटलंय, बर्वे, आतली हवा बाहेर पडलीय. चला."

आतड्याचं भोक त्यांनी शिवलं. पुढचे दिवस मात्र मी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. नाकात नळी, हातात सलाईन आणि घसा कोरडा ठणठणीत. पाणी मागितलं की तोच प्रश्न. मी नाही म्हणालो की ते मान हलवून निघून जायचे. माझी आतडी पुन्हा चालू होतात की नाही, यावर माझं जगणं अडलं होतं आणि ते मला पुरतं ठाऊक होतं.

एका सकाळी मी लाजत म्हणालो, "डॉक्टर, सरला."

ते मटकन स्टुलावर बसले. डोळे खोल गेले होते, दाढी वाढली होती. नर्सबाई सुमतीला म्हणाली, "अब खाना खिला दो इन्हें. जब तक मरीज़ नहीं खाता, ये भी चाय पर रहते हैं."

सुमती बघतच राहिली. "असं का करता हो?"

"पोटभर जेवलेल्या माणसाला फार लवकर दया येते, वहिनी. मग तो रोग्याला पाणी पाजून बसतो." ते ओशाळून हसले. "आणि तसंही, घरी कोण विचारतंय?"

ते सुमतीच्या जिवाला लागलं. मी घरी आल्यापासून डॉक्टर रोज रात्री आठाच्या सुमारास फाटकाशी येऊन मला विचारतात, "वारा सरला का?" खरं तर माझं पोट आता उत्तम आहे. मी हो म्हणतो. मग सुमती आतून विचारते, "डॉक्टर, जेवलात का?"

"जेवलो, जेवलो," म्हणत ते चपला काढतात आणि पाटावर येऊन बसतात.